आधी मधला नट

इंजिन उघडून पुन्हा जोडताना सगळं काही शेवटी हेडच्या दहा-पंधरा नटांवर येऊन थांबतं. खाली ब्लॉक, वर सिलिंडर हेड आणि दोघांच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. पेटलेला गॅस, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं काम त्या गॅस्केटचं. दाब एका जागी जरी कमी पडला तरी ते उडतं. मग पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि डिपस्टिकला दुधाच्या चहासारखं काहीतरी लागून येतं.

आमच्या लोहाऱ्यात याचा अर्थ शाळकरी पोरांनाही कळायचा. उमरग्याला जाणारी वडाप जीप रस्त्यात वाफ सोडत उभी राहिली की म्हातारी माणसं म्हणायची, ‘हेड गेलं.’ मग हेड उतरवून सोलापूरला न्यायचं, घासून सपाट करून आणायचं. तोवर धंदा बंद, गाडीचा हप्ता मात्र चालू.

महाराष्ट्रातल्या मोटारींच्या इतिहासातही सोलापूर आहेच. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० इथे आली, रुळली आणि सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून गरम इंजिनाचं हेड उघडायचं नाही, ते वाकतं. गार झाल्यावर कडेचे नट आधी सैल करायचे आणि मध्याकडे यायचं. बसवताना बरोबर उलट. पाच-पाचच्या दोन ओळी असतील तर मधली जोडी आधी, मग एकदा इकडची, एकदा तिकडची, असं करत टोकाला जायचं. तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत, दर फेरीला थोडं जास्त. कडा आधी आवळल्या तर मधला फुगवटा तिथेच अडकून राहतो. आमच्याकडचे एक मिस्त्री पोराला सांगायचे, ‘मधून कडंला जायचं. अंथरुणावरची चादर सारखी करतो तसं.’

किती आवळायचं, हा प्रश्न पुढचा. न्यू यॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनराड बार पाइपांचे बोल्ट कुठे सैल, कुठे जास्त आवळलेले बघून वैतागले होते. ठरावीक ताकदीपुढे न आवळणारा पाना आपण १९१८ मध्येच बनवला, असा त्यांचा दावा होता. काट्याचा टॉर्क पाना घडवण्यात पुढे क्रायस्लरचाही हात होता, म्हणजे वालचंदांच्या त्याच भागीदाराचा. अंदाजाच्या जागी आकडा आला.

आकड्याची स्वतःची भानगड आहे. अमेरिकन जीपच्या पुस्तकात फूट-पाउंड, जुन्या फियाटच्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, आजच्या पान्यावर न्यूटन-मीटर. ६० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर. नुसता ‘साठ’ लक्षात ठेवून न्यूटन-मीटरच्या पान्याने आवळलं तर ताकद पाऊणच लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे नवं नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर पाउंड आणि न्यूटनच्या अशाच घोळात गेलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाना मोजतो ते आपल्याला हवं असलेलं नसतंच. हेड दाबून धरतो तो बोल्टमधला ताण. पान्याला लावलेल्या जोरातला ढोबळ नव्वद टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, ताण निर्माण होतो तो उरलेल्या दहा टक्क्यांतून. आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर पाना बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट सैलच राहतो. मिस्त्री आधी आटे ब्रशने साफ करतात, पुस्तकात सांगितलं असेल तिथे ऑइलचा थेंब सोडतात. मला लहानपणी ती टापटीप वाटायची. प्रत्यक्षात त्या ब्रशशिवाय आकड्याला अर्थच नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. गाडी संग्रहालयात ठेवता येते. पण हाताला लागणारा नटाचा ताण, ब्रश कधी पुरे म्हणायचा, हे बहुतेक तोंडीच चालत आलं, एका मिस्त्रीकडून पुढच्या पोराकडे.

आजच्या बऱ्याच इंजिनांत आधी ठरावीक टॉर्क द्यायचा आणि मग बोल्ट ठरावीक अंश फिरवायचा, उदाहरणार्थ ९०. त्याने घर्षणाची फसवाफसवी कमी होते. असे बोल्ट ताणले जातात, म्हणून अनेकदा पुन्हा वापरत नाहीत, नवेच घालावे लागतात. लोहाऱ्यातल्या पोरांना हे आता फोनवरच्या व्हिडिओत दिसतं, बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत. आटे का पुसायचे, हे त्यांना मराठीत सांगू शकणारी माणसं आज साठी-सत्तरीची आहेत. रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. विचारायला जायचं तेवढं बाकी आहे.