पॉलिमर मिश्रणाचे पातळ थरातील विलगीकरण
पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक हे दोन पॉलिमर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या रेणूसाखळ्या फार लांब असल्याने मिसळून एन्ट्रॉपी फारशी वाढत नाही. त्यामुळे अगदी क्षीण प्रतिकर्षणही त्यांना वेगळे करते. दोन्ही एकाच द्रावकात विरघळवून वेगाने फिरणाऱ्या काचेवर पसरवले, की द्रावक झटपट उडून जातो. विलगीकरण अर्ध्यावरच थांबते आणि बेटांची, खळग्यांची किंवा नागमोडी पट्ट्यांची नक्षी गोठून राहते.

१९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी अशा थरातील पॉलिस्टायरीन सायक्लोहेक्झेनने धुऊन काढले. उरलेल्या सच्छिद्र ॲक्रिलिकमुळे काचेवरून होणारे प्रकाशाचे परावर्तन खूपच घटले. मात्र छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरीच लहान असावी लागतात. ती मोठी झाली, तर काच दुधाळ दिसते.