खाडीच्या कुठल्या बाजूला?

गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर पुण्याहून नुकतेच आलेले एक जोडपे प्रसादाचा द्रोण हातात घेऊन माझ्यापाशी आले. "काका, दुबईत घर कुठे बघावं?" चाळिशीतल्या माणसाला 'काका' म्हटलेले जरा लागते, पण प्रश्न रास्त होता. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न या गावात जवळजवळ दोनशे वर्षे विचारला जात आहे.

१८३३ साली बनी यास टोळीच्या अल बू फलासा शाखेची सुमारे ८०० माणसे अबू धाबी सोडून मक्तूम बिन बुत्ती आणि उबेद बिन सईद यांच्याबरोबर इथे आली. म्हणजे आजचे राजघराणेसुद्धा मुळात इथे बिऱ्हाड थाटायलाच आले! खाडीच्या मुखाशी शिंदगा, किल्ल्याभोवती बर दुबई आणि पलीकडच्या काठावर देरा, एवढेच तेव्हाचे गाव. १८४१ मध्ये बर दुबईत देवीची साथ आली आणि लोक खाडी ओलांडून देराला गेले. १८९४ मध्ये देराला मोठी आग लागली. खजुरीच्या झावळ्यांची घरे ती, जळायला कितीसा वेळ लागणार! ज्यांना ऐपत होती त्यांनी पुढे समुद्रातल्या प्रवाळी दगडाची घरे बांधली.

आपल्याला हे नवे वाटू नये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून दादर-माटुंग्याची आखणी झाली. गिरगावातली कितीतरी मराठी बिऱ्हाडे पुढे तिकडे सरकली. रोगराईने वस्त्या वसवल्याची दोन उदाहरणे, एकाच समुद्राच्या दोन काठांवरची.

दुबईतल्या सर्वांत देखण्या वस्तीचे कारण मात्र रोग नव्हे, जकात. इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंगेह बंदरात जकातीचा जाच वाढला आणि त्याच सुमारास दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली. मग तिकडचे व्यापारी इकडे आले, खाडीकाठी त्यांना जागा मिळाली आणि त्यांच्या बस्तक गावावरून वस्तीला बस्तकिया नाव पडले. तिथल्या घरांवरचे चौकोनी मनोरे म्हणजे बर्जील, वारा पकडण्याची सोय. मनोरा चारी बाजूंनी उघडा असतो आणि आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या भिंती. वारा कुठूनही येवो, एका कप्प्यातून तो खालच्या खोलीत उतरतो आणि गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. ना वीज, ना फिरणारा भाग. अभियांत्रिकीत डॉक्टरेट करूनही मी त्या मनोऱ्याखाली उभा राहिलो की माझे तोंड बंद होते. १९८० च्या दशकात यातला मोठा भाग पाडला गेला. उरलेला वाचला, त्यात रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाची खटपट आणि १९८९ मधली युवराज चार्ल्स यांची भेट, दोन्हींचा वाटा होता. २०१२ पासून वस्तीचे नाव अल फहीदी आहे. जुनी माणसे अजून बस्तकियाच म्हणतात.

आपले लोक बर दुबईच्याच बाजूला राहिले. सिंधमधले भाटिया व्यापारी इथल्या मोत्यांत गुंतलेले होते आणि मोत्यांची पेठ होती मुंबईत. १९०९ मध्ये इथे टपाल कचेरी उघडली तीही हिंदुस्थानच्या टपाल खात्याची, आणि १९६६ पर्यंत बाजारात रुपयाच चालत होता. १९६३ मध्ये मक्तूम पूल झाला. तोपर्यंत पलीकडे जायचे तर अब्रा, म्हणजे होडी, नाहीतर खाडीच्या टोकाला वळसा. घर देराला आणि दुकान बर दुबईला असेल तर रोज पाण्यातून जाणे आले. पूल झाला, १९७५ मध्ये बोगदा झाला आणि 'कुठल्या बाजूला' या प्रश्नाची धार गेली, असे वाटले. २००७ मध्ये गरहूद पुलावर 'सालिक' हा टोल आला आणि ती परत आली. सालिक म्हणजे मोकळा रस्ता. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचे अंग असावे.

मी आलो २०११ मध्ये. सहकाऱ्यांनी सांगितले, शारजा घे, भाडे कमी. काहींनी मरीना सुचवले, तिथे समुद्र दिसतो. मी सवयीप्रमाणे तक्ता मांडला: भाडे, शाळा, कचेरीचे अंतर, मेट्रो. पण निर्णय झाला तो तक्त्याबाहेरच्या कारणाने. दर हिवाळ्यात डोंबिवलीहून येणाऱ्या आईला इंग्रजी येत नाही, टॅक्सीवाल्याशी बोलायचा धीर होत नाही. बर दुबईत घर घेतले तर मशिदीमागच्या फुलवाल्यांच्या गल्लीतून ती एकटी देवळात जाऊ शकेल, एवढेच पाहिले. ती जाऊ लागली. पुढे एक दिरहम देऊन अब्रात बसून देराहून केशर आणू लागली, आणि मला न विचारता.

२०२४ च्या जानेवारीत ते शिवमंदिर जबल अलीला हलले. नवी जागा प्रशस्त आहे, गाडी लावायची सोय आहे, गल्लीतली रेटारेटी नाही. फक्त आमच्या घरापासून ती तीस-पस्तीस किलोमीटर दूर आहे. मागच्या हिवाळ्यात आई दोनदाच देवळात गेली, दोन्ही वेळा मी सुट्टी काढली तेव्हा. तिने तक्रार केली नाही. निघताना एवढेच म्हणाली, "देव तिकडे गेला, मग तुम्ही इथं कशासाठी रे?"

त्या पुण्याच्या जोडप्याला मी वस्तीचे नाव सांगितलेच नाही. घरात कोण कोण राहणार, आणि त्यांतल्या कुणाला एकट्याने बाहेर पडायचे आहे, एवढे विचारले. मुलगी पटकन म्हणाली, "सासूबाई येतील सहा महिन्यांनी." नवऱ्याने तिच्याकडे पाहिले, त्याचा हिशेब मरीनाचा असावा.

आमचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतो. तो जुना तक्ता मी पुन्हा उघडला आहे. बायको म्हणते, त्यात अब्राचा रकाना घाल.