लाल निशाण आणि चालकहीन गाडी

सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा व्हावी कीं नाहीं, हा वाद आजचा नाहीं. इ. स. १८६५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें वाफेच्या गाड्यांना गांवांत ताशीं २ व गांवाबाहेर ४ मैलांची मर्यादा घातली, आणि गाडीपुढें ६० यार्डांवर एक मनुष्य लाल निशाण घेऊन चालला पाहिजे असें ठरविलें. या कायद्याची पुढें यथेच्छ थट्टा झाली. परंतु त्याच्या पोटांत एक समंजस विचार होता: नव्या यंत्राचा जाच सोसावयाचा तो यंत्राच्या मालकानें, वाटसरूनें नव्हे. १८९६ त हीं बंधनें सैल करण्यांत आलीं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत २०१६ च्या डिसेंबरांत उबर कंपनीनें आपल्या चालकहीन गाड्या प्रयोगाच्या परवान्यावांचून रस्त्यावर आणल्या. सरकारनें १६ गाड्यांची नोंदणी रद्द करतांच कंपनीनें त्या शेजारच्या ॲरिझोनांत नेल्या. तेथील गव्हर्नरांनीं त्यांचें जाहीर स्वागत केलें. त्यांच्या २०१५ च्या हुकुमानें दार आधींच उघडलेलें होतें. रस्त्यानें चालणाऱ्यांची संमति या व्यवहारांत कोठेंच लागली नाहीं.

१८ मार्च २०१८ रोजीं रात्रीं दहाच्या सुमारास टेंपी शहरांत एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हातीं धरून रस्ता ओलांडीत होती. उबरची गाडी ताशीं सुमारें ४० मैलांच्या वेगानें तिच्यावर आदळली व ती मरण पावली. सरकारी चौकशी मंडळानें २०१९ त प्रसिद्ध केलेली हकीकत वाचून मन सुन्न होतें. आघातापूर्वीं ५.६ सेकंद यंत्रास कांहींतरी दिसलें होतें. तें वाहन, सायकल कीं आणखी कांहीं, याविषयीं त्याचें मत फिरत राहिलें. आणि मत फिरलें कीं त्या वस्तूची मागची हालचाल तें विसरून जाई. आंखलेल्या जागेखेरीज मनुष्य रस्ता ओलांडील, ही शक्यताच रचनाकारांनीं त्यांत घातली नव्हती! मनुष्यस्वभावाचें इतकें अज्ञान शाळकरी पोरासहि शोभलें नसतें. वॉल्व्होच्या मूळ गाडींतील संकटकालीन ब्रेकची योजना प्रयोगाच्या वेळीं बंद ठेवलेली होती. पूर्वीं गाडींत देखरेखीस दोघे असत, तेथें आतां एकच चालिका होती. आणि तिची नजर मोबाईलवरील कार्यक्रमाकडे होती, असें चौकशींत आढळलें.

तिनें २०२३ त गुन्हा कबूल केला, व तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा तिला झाली. कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाहीं. चालिका निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण निशाणवाल्यास गाडीपुढून उचलून आंत बसवावयाचें, तासन् तास करावयास कांहींच ठेवावयाचें नाहीं, आणि तरी त्यानें डोळ्यांत तेल घालून जागावें अशी अपेक्षा करावयाची, ही योजना कोणाची?

या यंत्राचे कैवारी सांगतात कीं, माणसांनीं चालविलेल्या गाड्या कितीतरी अधिक जीव घेतात. हें खोटें नाहीं. २०१८ या एका वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यांवर ३६ हजारांवर लोक मेले. परंतु उद्यां वांचणाऱ्या जिवांच्या हिशोबांत आजच्या वाटसरूचा जीव त्याला न विचारतां जमेस धरण्याचा अधिकार त्यामुळें कोणास मिळतो, असें आम्हांस वाटत नाहीं.

सॅन फ्रान्सिस्कोंत २ ऑक्टोबर २०२३ रोजीं दुसऱ्या एका मोटारीच्या धक्क्यानें फेंकलेली एक स्त्री क्रूझ कंपनीच्या गाडीपुढें पडली. त्या गाडींत चालक नव्हता. गाडी थांबली, आणि मग कडेस जाण्यासाठीं तिला सुमारें २० फूट फरफटत घेऊन गेली. त्याच महिन्याच्या २४ तारखेस सरकारनें कंपनीचे परवाने तहकूब केले. कंपनीनें फरफटीची हकीकत आपणांपुढें नीट मांडली नाहीं, हा त्यांतील एक ठपका होता.