मावळातला दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. मावळातल्या मुलांना मात्र त्यासाठी नमुना शोधत जावे लागत नाही. पवनेच्या खोऱ्यावर लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना उभे आहेत, लोणावळ्याच्या उत्तरेला राजमाची आहे. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत यांपैकी पहिले चारही होते. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि लगोलग लोहगड त्यांच्या हाती आला. मावळातल्या किल्ल्यांचे लढाऊ आयुष्य तिथे संपले. अंगणातल्या किल्ल्यांचे चालू राहिले.

ही चाल शिवकाळापासूनची आहे असे घरोघरी सांगितले जाते. किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि खाली पहाऱ्यावर मावळे, ही आज ठरून गेलेली मांडणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या शिवस्मरणाशी जास्त जुळते. टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. पुढे मेळे, कीर्तने आणि शाळेची पुस्तके यांनी महाराजांचे चरित्र मुलांपर्यंत नेले. मूर्ती कुंभारांकडून येत. महाराज आणि मावळ्यांबरोबर गवळण, वासुदेव, बैलजोडी, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई आणि गुहेत बसवायचा सिंहही त्यांच्याकडे मिळे. मावळच्या रानात बिबट्या असतो, सिंह नाही. पण किल्ल्यातली गुहा सिंहावाचून कोणी मोकळी ठेवत नाही.

बांधणीची जुनी पद्धत ठरलेली आहे. आधी दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर मातीच्या पातळ राड्यात बुडवलेले गोणपाट पसरायचे, मग चिकणमाती आणि शेणाचा हात फिरवायचा. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली की तीन-चार दिवसांत किल्ला हिरवा होतो, म्हणून वसुबारसेच्या आधी काम उरकावे लागते. मावळात याच सुमाराला भाताची कापणी सुरू असते, त्यामुळे माती खाचरातून मिळते, पण हाताखाली घरातले मोठे माणूस मिळत नाही.

ढीग रचताना विटा आडव्या थरांनी लावल्या तर किल्ला मावळातल्यासारखा दिसतो, नुसती माती ओतली तर वारुळासारखा. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून त्याची सपाटी होते. तीच सपाटी माची, आणि तिच्यावरचा कातळमाथा बालेकिल्ला. राजमाचीच्या सपाटीवर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. अंगणात ती रचना दोन विटांचा एक थर आणि वर दोन दगड एवढ्यात उभी राहते.

गोणपाट वापरण्यामागे भूमिती आहे. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. त्यामुळे त्याची नळी होते, शंकू होतो. डोंगराची खांदेवजा, दोन्ही दिशांना वळलेली पाठ तो सुरकुती पडल्याशिवाय झाकू शकत नाही. जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ साली हे सिद्ध केले: पृष्ठ न ताणता कितीही वाकवले तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ती शून्य असते आणि शून्यच राहते. गोणपाटाचे आडवे-उभे धागे मात्र एकमेकांवरून सरकतात, विणीतले चौकोन तिरपे होतात आणि कापड खळग्यात बसते. ओला वर्तमानपत्री कागद चुरगळून लावला तरी काम होते, कारण चुरगळणे म्हणजे शेकडो लहान घड्याच.

बुरूज, तट आणि दरवाजे यांसाठी उलट कागद आणि पुठ्ठाच सोयीचा. सरळ पट्टी गुंडाळली की गोल बुरूज होतो, पण तो पाण्याच्या टाकीसारखा दिसतो. खरा बुरूज वर निमुळता असतो. त्यासाठी पट्टी कमानीसारखी कापावी लागते. तळाचा व्यास १२ सेंटिमीटर, माथ्याचा १० आणि उंची ८ हवी असेल, तर एकाच मध्यातून ४८ आणि ४० सेंटिमीटर त्रिज्येचे दोन कंस काढायचे आणि त्यांतला जवळजवळ ४५ अंशांचा तुकडा घ्यायचा. सुतळी आणि पेन्सिल हाच कंपास. कोनमापकही लागत नाही, कारण कागदाच्या काटकोनी कोपऱ्याला एक घडी घातली की ४५ अंश मिळतात. घडीतून अशी भूमिती शिकवण्याचा पद्धतशीर प्रयत्न टी. सुंदर राव यांनी केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासला निघाले आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यावर परदेशांत पोचले.

प्रमाणाचा हिशेब अंगणात कधीच जुळत नाही. मातीचा मावळा साधारण साडेसात सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या चोविसाव्या हिश्शाएवढा असतो. लोहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १०३३ मीटरवर आहे, लोणावळ्याहून सुमारे ४०० मीटर वर. मावळ्याच्या मापाने तो बांधायचा तर अंगणात सतरा मीटरचा डोंगर लागेल. डोंगर ४० सेंटिमीटरचा ठेवला तर मावळा दोन मिलिमीटरपेक्षाही लहान होईल. युद्धाचे खेळ मांडणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. प्रशियात राइसवित्झ यांनी १८१२ मध्ये राजाला दाखवलेल्या टेबलावरच्या रणभूमीत सुटे भूभाग जोडून प्रदेश तयार होई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये भूभाग सोडून नकाशाच घेतला. अंगणातल्या किल्ल्याने नकाशाकडे जाण्याऐवजी प्रमाणच सोडले. दरवाजा मावळ्याच्या मापाचा, डोंगर अंगणाच्या मापाचा आणि महाराज सर्वांत मोठे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्गभ्रमंती वाढली तसा हा सैलपणा कमी झाला. तळेगाव दाभाडे येथे राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’सारख्या पुस्तकांनी वाचकांना प्रत्यक्ष गडावर नेले. पाहून आलेली मुले ‘एक किल्ला’ न करता लोहगडच करू लागली, आणि लोहगड म्हटले की वळणावळणाच्या चढणीवरचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे क्रमाने यायला हवेत, शेजारी विंचूकाटा माचीची लांब सोंडही हवी. किल्ले स्पर्धांनी हा काटेकोरपणा गुणांत मोजला.

त्यातून समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांची, पद्धत आली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. एकास हजार या प्रमाणात प्रत्येक रेषेसाठी दोन सेंटिमीटर जाडीचा थर कापायचा. ४०० मीटरचे वीस थर होतात. त्यासाठी थर्माकोल सर्रास वापरला जाई. राज्याने २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातल्यावर खोक्यांचा पुठ्ठा पुढे आला. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक असल्याने त्याच्या प्रतिकृतींना आणखी मागणी येणार, हे उघड आहे.

मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, मग मोडला जातो. काही ठिकाणी त्याच्या पोटात सुतळी बॉम्ब लावून. माती बागेत जाते, गोणपाट वाळवून ठेवतात, मावळे खोक्यात जातात. पुठ्ठ्याची प्रतिकृती मोडायला कोणाचा हात होत नाही. ती कपाटावर राहते, आणि पुढच्या दिवाळीत तीच पुसून पुन्हा मांडली जाते.