नवसागर : एका क्षाराचा इतिहास

कल्हईवाला तांब्याचे भांडे भट्टीवर तापवतो, त्यात चिमूटभर पांढरी भुकटी टाकतो, धुराचा लोट उठतो आणि कथलाचा हात फिरताच भांडे रुप्यासारखे उजळते. ही भुकटी म्हणजे नवसागर. उर्दूत नौसादर, फारसीत नौशादर आणि रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड. मूळ शब्द कोणत्या भाषेतला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र या पदार्थाचा इतिहास अनेक भाषांतून आणि अनेकांच्या हातांतून घडला, याविषयी शंका नाही.

ग्रीक व रोमन लेखकांनी अमोन देवतेच्या प्रदेशातील एका मिठाचा उल्लेख केला आहे. ते बहुधा साधे खनिज मीठ होते. खऱ्या नवसागराची पद्धतशीर ओळख अरबी किमयागारांच्या ग्रंथांतून होते. रय येथील वैद्य व रसायनज्ञ अबू बक्र अल्-राझी (जन्म सुमारे ८६५) यांनी पदार्थांचे वर्गीकरण करताना पारा, गंधक आणि हरताळ-मनशीळ यांच्यासोबत नवसागराला 'अरवाह' म्हणजे 'रूह'च्या वर्गात बसवले. धातू मात्र 'अजसाद', म्हणजे देह, ठरले. ही केवळ कविकल्पना नव्हती. जो पदार्थ आगीत टिकत नाही, वाफ होऊन उडतो आणि थंड जागी पुन्हा जमतो, तो 'रूह', असे ते निरीक्षण होते. या क्रियेला त्यांनी 'तसईद' म्हटले. आज आपण तिला संप्लवन म्हणतो.

जाबिर बिन हय्यान यांच्या नावाने प्रचलित ग्रंथांत केसांसारख्या प्राणिज पदार्थांपासून नवसागर मिळवण्याचे वर्णन आढळते. त्यावरून 'अमोनियाचा शोध जाबिर यांनी लावला' असे विधान अनेकदा केले जाते. ते जपून करावयास हवे. पॉल क्राउस यांनी १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हे ग्रंथ एकाच व्यक्तीचे नसून पुढील काळातील अनेक लेखकांचे आहेत, असा निष्कर्ष मांडला. शिवाय नवसागर हा क्षार ओळखणे वेगळे आणि त्यातील वायू स्वतंत्रपणे ओळखणे वेगळे.

भारतीय परंपरेतही त्याला स्थान आहे. 'रसरत्नसमुच्चय' या रसग्रंथात त्याची गणना साधारण रसांत होते आणि विटांच्या भट्टीशी त्याचा संबंध जोडला जातो. चुलीशी नाते सांगणारे 'चूलिकालवण' हे नावही त्याला आहे. इजिप्तमध्ये शेणाच्या जळणाची काजळी काचेच्या भांड्यांत तापवून नवसागर काढीत आणि अठराव्या शतकात तो युरोपला जाई. दोन दूरच्या देशांत तो आगीच्या आसपासच सापडला, कारण शेणातील नायट्रोजन व क्लोराइड जळताना एकत्र येतात.

या 'रूह'चे रहस्य आज उलगडले आहे. सुमारे ३३८ अंश सेल्सिअसला नवसागराचे विघटन होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. थंड होताच ते पुन्हा जुळून पांढरा क्षार बनतो. कल्हईवाल्याच्या भांड्यात हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि स्वच्छ धातूवर कथील चिकटते. नवसागरात चुना मिसळून तापवल्यास चुना आम्लाचा भाग धरून ठेवतो आणि केवळ अमोनिया बाहेर पडतो.

जोसेफ प्रिस्टली यांनी १७७४ च्या सुमारास हा वायू पाण्याऐवजी पाऱ्यावर गोळा केला, कारण पाण्यात तो झपाट्याने विरघळतो. १७८५ मध्ये क्लॉड बर्थोले यांनी त्यात नायट्रोजन व हायड्रोजन असल्याचे दाखवले. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाउ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. अमोनियम सल्फेटसारख्या खतांचा मार्ग त्यातून खुला झाला. त्याच अमोनियापासून युद्धाची स्फोटकेही बनली.

या इतिहासात कोणा एकाला सर्व श्रेय देता येत नाही, आणि तसे दिल्याने वारसा मोठाही होत नाही. राझींचे वर्गीकरण, भट्टीजवळचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेतील मोजमाप, हे सारे एकाच ज्ञानाचे टप्पे आहेत. स्टीलच्या भांड्यांमुळे कल्हईचा धंदा ओसरला. पण 'कल्हई' हा अरबी-फारसी 'कलई'पासून आलेला शब्द मराठीत टिकला आहे. वर्गात अमोनिया शिकवताना त्या भट्टीची आठवण दिली, तर विद्यार्थ्याला रसायनशास्त्र परके वाटणार नाही.