ताश्कंद: घुमट राहिले, अंगण गेलं

ताश्कंद म्हटलं की आपल्याला आधी आठवतात लालबहादूर शास्त्री. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, ते तिथेच गेले. पुढे साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी ते शहर हादरलं. माणसं त्या मानानं थोडी दगावली, पण सुमारे ३ लाख लोक बेघर झाले. शास्त्रीजी उतरले ते ताश्कंद पुढे फारसं उरलं नाही.

भूकंपाच्या आधीचं थोडं बघू. १८६५ मध्ये रशियानं ताश्कंद घेतलं आणि अंखोर कालव्यापलीकडे सरळ, रुंद रस्त्यांचं नवं शहर वसवलं. अलीकडे जुनं शहर तसंच: मातीची घरं, वळणावळणाची बोळं, मशिदी, मदरसे. तिथल्या वस्तीला ‘महल्ला’ म्हणतात. आपला मोहल्लाच तो. रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत, खिडकी जवळजवळ नाहीच. सगळं जगणं आत, अंगणात. त्याला ‘होव्ली’ म्हणतात. आपल्या वाड्यातला चौक डोळ्यांपुढे आणा, वर द्राक्षाचा मांडव घाला, की झालं. इस्लामी वास्तुकला म्हणजे घुमट आणि निळ्या फरश्या असं आपण धरून चालतो. आम्हाला विचाराल तर तिचं मर्म या बंद भिंतीत आणि तिच्यामागच्या अंगणात आहे. घरच्यांना आडोसा, उन्हाळ्यात गारवा, आणि शेजारधर्मही त्यातूनच.

१९३० मध्ये उझबेक प्रजासत्ताकाची राजधानी समरकंदहून ताश्कंदला आली. स्टालिनच्या काळातलं सूत्र होतं: संस्कृतीचा आकार राष्ट्रीय, आशय समाजवादी. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की आम्हाला थांबावंच लागतं. आकार आणि आशय असे सोलून वेगळे काढता येतात का? नवोई नाट्यगृह बघा. १९४७ मध्ये ते खुलं झालं. वास्तुकार श्चूसेव्ह, म्हणजे मॉस्कोत लेनिनची समाधी बांधणारे. बांधकामावर जपानी युद्धकैदीही राबले. आतली दालनं ताश्कंद, समरकंद, बुखारा, खोरेझम, फरगाना, तेरमेझ अशा सहा प्रांतांच्या शैलीत. काही उस्ताद शिरीन मुरादोव्ह या बुखाऱ्याच्या कारागिराच्या हातची. गंच म्हणजे तिथला जिप्समचा गिलावा, त्यात कोरलेली नक्षी. अप्रतिम काम, यात वाद नाही. पण ही नक्षी ज्या मशिदी-मदरशांत वाढली, त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा कुलूप होतं.

मग आला भूकंप. साऱ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून कामगार आले. ती मदत खरी होती, तिला नावं ठेवू नयेत. पण जुनी बोळं नियोजनकारांना आधीपासूनच नको होती, आणि भूकंपानं त्यांचा रस्ता मोकळा केला. काँक्रीटच्या तयार फलकांच्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांच्या टोकाच्या भिंतींवर जार्स्की बंधूंनी रंगीत मोझेइक केलं. १९७० मध्ये लेनिन संग्रहालय झालं, त्याला बाहेरून सगळीकडे जाळी. तिला ‘पंजरा’ म्हणतात. कानाला आपला पिंजराच! उन्हासाठी ती कामाचीच होती. १९७७ मध्ये मेट्रो धावली, आणि पुढे नवोई स्थानकाच्या छताला मशिदीत शोभावेत असे घुमट आले. जमिनीखाली, आणि नमाजाशिवाय.

अंगण मात्र कुठेच नाही. ते चित्रात मावत नाही ना.

एका इमारतीनं हे ओळखलं. ‘झेमचुग’, म्हणजे मोती: १९८५ ची, १६ मजली. दर तीन मजल्यांमागे एक सामायिक अंगण, जणू महल्ला उभा रचलेला. मुलं तिथे खेळावीत, म्हाताऱ्यांनी बसावं, अशी कल्पना. आम्हाला सगळ्या ताश्कंदात हीच इमारत सर्वांत इस्लामी वाटते, आणि तिच्यावर घुमट नाही! पण हा प्रयोगच राहिला, शहराची रीत झाली नाही. चाळींतल्या लोकांनी आपलं आपण बघितलं: तळमजल्यासमोर भाजी लावली, द्राक्षाचे वेल चढवले, चौथरे मांडून चहाला बसू लागले.

१९९१ नंतर लेनिनचा भव्य पुतळा गेला, तिथे पृथ्वीचा गोल आला. पाडापाडी थांबली नाही. ‘ताश्कंद सिटी’ नावाच्या काचेच्या मनोऱ्यांसाठी एक जुना महल्ला गेला, आणि सोव्हिएत काळातलं चित्रपट भवनही गेलं. म्हणजे १९६६ नंतर महल्ले हटवून जे उभं केलं होतं, त्याचीही आता तीच गत. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता मात्र अजून आहे, त्यांचा पुतळाही आहे. असो. पुढच्या वेळी समरकंद.