दिसणं आणि जगणं : मोजमापाच्या शास्त्राची प्रस्तावना

चेहऱ्यावरचा पांढरा डाग दुखत नाही, त्याने ताप येत नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर त्याची नोंद एका ओळीत संपते. पण त्याच डागामुळे ठरत आलेलं लग्न मोडतं, हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं होतं. हे नुकसान मोजता येईल का, आणि औषधाने किंवा साध्या प्रसाधनाने त्यातलं किती भरून निघतं, हा या अभ्यासाचा विषय आहे. मराठी विद्यार्थ्यांनी या वाटेला यावं, अशी मनापासून इच्छा आहे.

1994 मध्ये कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी त्वचारोग्यांसाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. गुण जितके जास्त तितका त्रास मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या प्रश्नावलीत स्वतःचं दिसणं स्वीकारता येतं का, असा एक प्रश्न आहे. पुढे खास प्रसाधनं आणि रूप यांच्यासाठी 42 प्रश्नांची ‘ब्यूटीक्यूओएल’ तयार झाली. तिची पडताळणी भारतासह 13 देशांत झाली.

ही साधनं अहिल्यानगर जिल्ह्यात वापरायची, तर पहिली अडचण शून्याची आहे. कार्डिफच्या प्रश्नावलीत खरेदी, खेळ, मित्रमंडळी यांविषयी विचारतात. ‘मला लागू नाही’ हेही उत्तर चालतं, आणि त्याला शून्य गुण मिळतात. पाथर्डीकडची, हातावर कोड असलेली, ऊसतोडीला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. खेळ? लागू नाही. बाजारहाट? तो नवरा करतो, म्हणून लागू नाही. तिची बेरीज खाली येते आणि कागद सांगतो की बाईला फारसा त्रास नाही. मुळात जिचं जगणं आखडलेलं आहे, तिचंच दुःख आकड्यात लहान दिसावं, हे मला अन्यायाचं वाटतं. अशी उत्तरं वगळून गुण काढण्याची सुधारित पद्धत आता आहे. ती शिकून घ्या. शिवाय प्रश्न असतो गेल्या आठवड्याचा. दसऱ्यानंतर बिऱ्हाड उसाच्या फडावर जातं आणि हंगाम संपल्यावर परततं. कोपीवरच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, आठवड्याचं उत्तर आणि गावातल्या लग्नसराईच्या आठवड्याचं उत्तर एक कसं येईल?

दुसरी गोष्ट टिकलीची. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. मग तो झाकायला आणखी मोठी टिकली लागते. म्हणजे प्रसाधन इथे रोगाचं कारणही आहे आणि आडोसाही. नवरा गेल्यावर रूढी हा आडोसा काढून घेते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्या ठरावाने बायकांच्या जगण्यात काय बदललं, हे मोजायला आयत्या प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही. तो आपल्यालाच तयार करावा लागेल.

कुष्ठरोगाचंही तसंच. औषधांनी जंतू मरतात, रुग्ण ‘बरा’ म्हणून नोंदला जातो; झडलेल्या भुवया मात्र अनेकदा परत येत नाहीत. पेन्सिलीने रेखलेली भुवई त्या माणसाला एसटीत इतरांशेजारी निर्धास्त बसू देत असेल, तर तो उपचारच आहे, आणि त्याचा परिणाम मोजलाच पाहिजे.

प्रश्न कोणी विचारायचे, याचं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि कुष्ठरुग्णांना वेगळं न काढता इतरांबरोबरच उपचार मिळाले. पांढऱ्या कोटातल्या परक्या माणसाला बाई जे सांगणार नाही, ते ती ओळखीच्या कार्यकर्तीला सांगते.

तेव्हा लोणी, नगर, संगमनेर इथल्या वैद्यकीय, परिचर्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : प्रबंधासाठी तयार प्रश्नावली उचलण्याआधी ती गावातल्या चार-पाच बायकांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्या प्रश्नावर त्या ‘लागू नाही’ म्हणतील, तिथे ‘का?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.